संग्रहालयात डिझायनरचं काय काम? – माझा अनुभव

आमच्या बी.डेस.च्या, म्हणजे डिझाइनच्या पदवीच्या, वर्गात बहुतेकांचा ओढा ॲप आणि वेबसाइटकडे. पगार तिकडेच आहे, त्यांचंही चूक नाही. मला संग्रहालयात काम करायचं होतं. हे सांगितलं की कॉलेजात एकच प्रश्न यायचा, तिथे डिझायनरला घेतं कोण? बाबांचा प्रश्न वेगळा होता. "म्हंजे अजब बंगल्यात तिकिटं फाडाची नोकरी का?" वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीकडे संग्रहालय म्हटलं की नागपूरचा अजब बंगला, १८६३ पासूनचा. शाळेची सहल तिथे जाते, पेंढा भरलेले प्राणी बघते आणि डबे खाऊन परत येते.

आधी मी कामं कोणकोणती असतात ते शोधून काढलं. अभिरक्षक, म्हणजे क्युरेटर, व्हायचं तर इतिहास, पुरातत्त्व किंवा संग्रहालयशास्त्र शिकलेलं लागतं. जतनाचं काम करणाऱ्याला रसायनशास्त्राशी दोस्ती हवी. डिझायनरच्या वाट्याला दालनाची मांडणी, शोकेस, वस्तूला आधार देणारे माउंट, प्रकाश आणि लेबलं येतात. यातलं बरंचसं काम संग्रहालयं बाहेरच्या स्टुडिओंना देतात. म्हणजे 'संग्रहालयात नोकरी' ही एकच वाट नाही, हे लवकर कळलं ते बरं झालं.

मग अभ्यासक्रम. अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) एक्झिबिशन डिझाइन आहे, पण ते पदवीच्या पातळीवर; माझी गाडी तोवर पुढे गेली होती. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. दिल्लीत १९८९ साली सुरू झालेली नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज या नावाने नोएडात आहे. तिथे संग्रहालयशास्त्र, कला-इतिहास आणि जतन यांत एम.ए. करता येतं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय स्वतः पदविका चालवतं. शिवाय आयआयटीत एम.डेस. करायचं तर जानेवारीतली सीड परीक्षा.

पण त्याआधी मला कुठेतरी इंटर्नशिप हवी होती आणि त्यासाठी पोर्टफोलिओत प्रदर्शनाचं काम दाखवायला हवं होतं. माझ्याकडे काय? बिस्किटाच्या पुड्याचं पॅकेजिंग आणि एका काल्पनिक कॅफेचा लोगो. काल्पनिक दालनाचे गुळगुळीत थ्री-डी रेंडर करायचा सल्ला सीनियरांनी दिला. मला ते पटलं नाही. ज्या दालनात माशीसुद्धा नाही, तिथे माणूस कसा फिरेल हे कुणाला कळणार?

वर्ध्याला मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ला गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. खादी आणि ग्रामोद्योगाला वाहिलेलं. टेप आणि वही घेऊन मी तिथे जाऊन बसायला लागले. चरखे बघायला आलेली शाळकरी पोरं कुठे थांबतात, कुठून पळतात, लेबल वाचायला म्हातारी माणसं किती वाकतात, हे टिपायचं. पुस्तकांत लिहिलेलं असतं की चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा. हे मोठ्या माणसाच्या नजरेचं माप. तिसरीतल्या पोराला त्या उंचीवर काच आणि तिच्यात दिव्याची चकाकी दिसते, बाकी काही नाही.

वहीतल्या या नोंदींवरूनच गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शेतीच्या अवजारांचं छोटं प्रदर्शन मांडायचं ठरलं. गुरुजींनी उन्हाळ्याच्या सुट्टीतला रिकामा वर्ग दिला. पेरणी आता बहुतेकांची ट्रॅक्टरनेच होते, त्यामुळे तिफणी आणि वखरं गोठ्याच्या आढ्याला टांगलेली, काहींना उधई, म्हणजे वाळवी, लागलेली. मागायला गेले तर प्रत्येक घरी तोच सवाल: "वापस देशीन ना व पोरी?"

इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घातला. संग्रहालयाच्या मालकीच्या वस्तूला नोंदणी क्रमांक मिळतो. वस्तूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पॅरालॉइड बी-७२ नावाच्या पारदर्शक रेझिनचा थर देऊन त्यावर तो लिहितात, म्हणजे पुढे ॲसिटोनने पुसता येतो. उसन्या वस्तूवर मात्र काहीच लिहायचं नसतं. मी सुती नाडीने चिठ्ठ्या बांधल्या आणि किराणा दुकानातलं पावतीपुस्तक आणलं. पावतीवर मालकाचं नाव, वस्तू, ती आली तेव्हाची अवस्था (कुठे चीर, कुठे उधई), परत द्यायची तारीख आणि दोघांच्या सह्या. शेजारच्या काकांनी तर पेरणीच्या आधीची तारीख स्वतः घालून घेतली. त्यांची तिफण अजून चालती आहे.

लेबल लिहायला बसले तेव्हा शेजारची आजी बघायला आली. तिफणीचं चाडं, म्हणजे बी सोडायचा वरचा लाकडी वाडगा, तिने हातात घेतलं. त्याचा काठ एका बाजूला झिजून गुळगुळीत झाला होता. आजीने मूठ त्या झिजेवर टेकवली आणि बोटं थोडी थोडी सैल करत बी कसं सोडायचं ते रिकाम्या हाताने दाखवलं. "बैल बाप्या हाकलते. पेरते बाईच. मूठ चुकली तं वावर उघडं पडते." मोघम 'पेरणीचे पारंपरिक अवजार' असं लिहिण्याऐवजी मी आजीचं हे वाक्य जसंच्या तसं मोठ्या अक्षरात लावलं, खाली तिच्या मुठीचं चित्र काढलं आणि चाडं असं ठेवलं की झीज पोरांच्या डोळ्यांसमोर येईल.

प्रकाशाचं काय करावं हा वेगळाच घोर. आजीचंच जुनं लुगडंही मांडायचं होतं आणि कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू नये असा दंडक आहे. मे महिन्यात आमच्या खिडकीतून येणारं ऊन त्याच्या कितीतरी पट. मोबाइलवरचं लक्समीटर काही काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. लुगडं उत्तरेच्या भिंतीला नेलं, खिडक्यांना गोणपाट लावलं. गोणपाटाचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

पोर्टफोलिओ मुंबईतल्या एका संग्रहालयाला पाठवला आणि मुलाखत ऑनलाइन ठरली. घरात रेंज नाही, म्हणून गच्चीवर, डोक्याला ओढणी गुंडाळून. समोरच्या बाईंनी मांडणीचे फोटो भराभर पुढे सरकवले आणि पावतीपुस्तकाच्या पानावर थांबल्या. वस्तू परत गेल्या का, कुठल्या अवस्थेत गेल्या, लेबलाचं वाक्य वापरायला आजीला विचारलं होतं का? विचारलं होतं, पावतीच्या मागे तिचा अंगठाही होता. सॉफ्टवेअरबद्दल एकच प्रश्न आला, तोही जाता जाता.

निवड झाली. मानधन एवढंच की लोकलचा पास आणि जेवण भागावं. कल्याणला आत्याकडे राहिले म्हणून जमलं. मुंबईत नातेवाईक नसलेल्या पोरीने काय करावं, याचा विचार या क्षेत्रात कुणी करत नाही आणि याचा मला राग आहे. काम म्हणाल तर शोकेसची मापं घेणं, माउंटसाठी फोमचे नमुने कापणं आणि मराठी लेबलांची प्रुफं तपासणं. प्रुफात वेलांट्या इतक्या सुटायच्या की शेवटी सगळी मराठी लेबलं माझ्याच टेबलावर यायला लागली.

आता शेवटचं वर्ष आहे. एम.डेस. आणि संग्रहालयशास्त्र यांत मी संग्रहालयशास्त्राकडे झुकले आहे. आराखडा काढता येतो. वस्तूची नोंद कशी ठेवायची, ती कशाने खराब होते, हे अजून नीट शिकायचंय. बडोदा आणि नोएडा दोन्हीकडे अर्ज करणार आहे. सीडही देणार, कारण बाबांना आयआयटी हे नाव कळतं. काकांची तिफण ठरल्या तारखेला परत गेली, पावतीवर त्यांची सही आहे.