लाईट गेली होती, बाई

गोखले रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची प्रत काढायला उभा होतो. भर दुपार, मशीनमध्ये कागद अडकलेला, दुकानदार झाकण उघडून आत हात घालून बसलेला. शेजारी गणवेशातली दोन मुलं. दुपारची शाळा भरायची वेळ झालेली आणि एकाचा गृहपाठ राहिलेला.

"लाईट गेली होती, सांग."

"येडा आहेस का? मॅम आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहतात. बी विंग."

"मग लिफ्ट बंद होती, सांग."

"लिफ्टचा नि गृहपाठाचा काय संबंध?"

"तेच ना! मॅम विचार करतील तोवर तास संपेल."

हा दुसरा पुढे नाव काढणार, एवढं मला तिथेच कळलं. पण मला वाईट वाटलं ते पहिल्या कारणाचं. 'लाईट गेली होती' हे ठाण्यात एकेकाळी राजमान्य कारण होतं. २००५ च्या आगेमागे लोडशेडिंग जोरात होतं. मुंबई शहर झगमगत असायचं आणि आम्ही गॅलरीत बसून डास मारायचो. गृहपाठाला याहून भक्कम आधार कुठला? फक्त आमच्या गणिताच्या सरांनी वर्तमानपत्रात आलेलं लोडशेडिंगचं वेळापत्रक कापून हजेरीच्या वहीत चिकटवलं होतं. मुलगा उभा राहिला की सर आधी वही उघडायचे, बोट फिरवायचे, मग चष्म्यावरून बघायचे. "तुमच्याकडे या आठवड्यात सकाळी. संध्याकाळी कशाला मेणबत्ती लावून बसला होतास?"

कारणांना मोसम असायचे. गणपती झाले की निम्म्या वर्गाच्या वह्या कोकणात राहिलेल्या असत. मुलं परत यायची, मोदकांनी गाल वर यायचे, वही मात्र सावंतवाडीच्या माळ्यावर. नवरात्रात आणखी सोय. खंडेनवमीला वह्या-पुस्तकं पूजेला मांडलेली, पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढलेली, वर झेंडूची फुलं. देवीपुढून पुस्तक उचलायचं कसं? मराठीच्या बाईंना हे कारण मनापासून पटायचं, म्हणूनच त्या पुढे विचारायच्या, "बरं, मग देवीपुढे बसून कविता म्हटलीस ना? म्हण बघू."

सुतक हे तर ब्रह्मास्त्र. त्यावर उलटतपासणी करायला कोण धजावणार? पण अस्त्र कधी मागे घ्यायचं हे कळावं लागतं. आमच्यातल्या एकानं चुलतआजोबांच्या नावावर भूगोलाचे नकाशे इतके लांबवले की शेवटी बाई म्हणाल्या, "दहा दिवसांचं सुतक असतं रे. तुमच्याकडे पंधरवडा झाला, अजून फिटत नाही?"

'पोटात दुखत होतं' आणि 'विसरलो' या दोन कारणांबद्दल मला आजही राग आहे. त्यात मेहनत नाही. ज्याला चाळीस जणांसमोर उभं राहून 'विसरलो' म्हणवतं, त्याला बाईंबद्दल काही वाटतच नाही, असं माझं मत. चांगली थाप मारणारा निदान रात्री अंथरुणात त्यांचा विचार तरी करतो.

तर २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. आम्ही आठवीत होतो. ठाण्यातल्याही सखल वस्त्यांत पाणी शिरलं, कळव्याकडच्या मुलांची तर घरंच्या घरं भिजली. शाळा काही दिवसांनी भरली तेव्हा वर्गात वेगळाच प्रश्न होता: कोणाची वही वाचली? बाईंनी गृहपाठाचं नावही काढलं नाही. एवढी मोकळीक मिळाल्यावर दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका शहाण्याला राहवलं नाही. कोणी मागितली नसताना त्यानं फुगलेली निबंधवही नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवली. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरून निळ्या ढगासारखी झालेली. बाईंनी वही उचलली, उघडली नाही, नाकाशी नेली.

"पुराच्या पाण्याला वास असतो रे," त्या म्हणाल्या. "ही नळाखाली भिजली."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही खिडकीत वाळत ठेवली आणि पुढचा धडा काढायला सांगितला. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची, तिच्या घरात छातीएवढं पाणी होतं, हे आम्हाला दिवाळीनंतर कळलं. ती तेव्हा काहीच बोलली नव्हती. तिनं कोणाची तरी वही मागून घेऊन सगळे निबंध पुन्हा उतरवून काढले होते, नव्या वहीत, समासासकट.

असो.

माझी त्या वर्गातली एक मैत्रीण आता ऐरोलीत शिकवते. छडी तर गेलीच. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. बाकावर उभं करणं, अंगठे धरायला लावणं, सगळं बंद. चांगलंच झालं, माझे अंगठे अजून दुखतात. पण तिची तक्रार निराळी आहे. ती म्हणते, थापा आता मुलं मारतच नाहीत, पालक मारतात. रात्री अकराला ग्रुपवर मेसेज येतो: 'मॅम, आज फॅमिली फंक्शन होतं, प्लीज अ‍ॅडजस्ट.' मूल बाजूला झोपलेलं. आता त्या मेसेजचा काय वास घेणार? ती एक अंगठा पाठवते आणि दिवा बंद करते.

मध्ये बालभारतीनं पुस्तकातच नोंदींसाठी कोरी पानं घातली होती, २०२३ मध्ये. दप्तर हलकं व्हावं हा हेतू. तेव्हा 'वही राहिली' म्हणायची सोय गेली, म्हणून मुलं 'पुस्तक राहिलं' म्हणू लागली. २०२५ मध्ये ती पानं काढायचं ठरलं. मुलांनी दोन्ही निर्णय सारख्याच शांतपणे घेतले, असं ती सांगते.

मी तिला म्हटलं, तू फार सौम्य झालीस, आपल्या बाई बघ कशा पकडायच्या. त्यावर ती जरा गप्प झाली आणि मग तिनं स्वतःचंच सांगितलं. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, तिला ड्युटी लागली. प्रशिक्षण, मतपेट्या गेल्या तरी त्या मशीनांची ने-आण, आदल्या रात्री केंद्रावर मुक्काम. घरी वह्यांचा ढीग तसाच. वर्गानं विचारलं, "मॅम, वह्या तपासल्या?" ती म्हणाली, "निवडणुकीचं काम होतं." सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, पुन्हा निवडणूक. डिसेंबर उजाडला तरी निवडणूकच.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅम, पण निकाल तर तेवीस तारखेलाच लागला ना?"

"मग? तू काय केलंस?"

"काय करणार? डस्टर आपटलं आणि फळ्यावर तारीख लिहिली."