मराठीतून शिकलेली हिब्रू

इस्रायलमधल्या बेर शेवाला आले तेव्हा मला हिब्रूचे तीनच शब्द येत होते: शालोम (नमस्कार), तोदा (धन्यवाद), बेवकाशा (कृपया). ज्या आजींना सांभाळायला आले होते, त्या मूळच्या रोमानियाच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पहिले पंधरा दिवस आम्ही खुणांवर काढले. पाचही बोटांची टोकं जुळवून त्या हात वर धरायच्या आणि मला वाटायचं, काहीतरी चुकलं, रागावल्या. नंतर कळलं, ती ‘रेगा’ची खूण. रेगा म्हणजे थांब जरा.

रात्री त्या झोपल्या की मोबाइलवर इंग्रजीतून हिब्रूचे धडे ऐकायचे. आवाज पुरुषाचा होता. ‘अनी रोत्से मायिम’, मला पाणी हवंय. सकाळी मी तसंच म्हणाले. आजींनी मान हलवली, “लो रोत्से. रोत्सा.” लो म्हणजे नाही. तीनदा म्हणवून घेतलं. दिवसभर ते डोक्यात घोळत राहिलं आणि भाजी चिरताना उलगडलं: अरे, हे तर आपलं जातो-जाते! अनी मेदाबेर म्हणजे मी बोलतो, अनी मेदाबेरेत म्हणजे मी बोलते. इंग्रजी धड्यात यावर केवढं तरी समजावलं होतं, आणि मला ते जन्मापासून येत होतं.

त्याच सुमारास दवाखान्याच्या बाकावर एक बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, मावशी भेटल्या. मी घरी फोनवर बोलत होते ते ऐकून त्यांनीच विचारलं, “कुठल्या गावची गं तू?” मी रत्नागिरी म्हटल्यावर त्यांनी माझा हातच धरला. त्या लहानपणी अलिबागकडून इथे आलेल्या. म्हणाल्या, “इंग्रजी ठेव बाजूला. मनात मराठी वाक्य कर आणि शब्द तेवढे बदल.”

दर वेळी हे जमत नाही, पण जिथे जमतं तिथे फार सुंदर जमतं. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे ‘येश ली श्नेई अख़िम’. ‘ली’ म्हणजे मला. थंडी वाजली की ‘कार ली’, दुखलं की ‘कोएव ली’. आपल्यालाही थंडी ‘मला’ वाजते, दुखतं ‘मला’. हळूहळूला ‘लेआत लेआत’, तसंच दोनदा. बहिणीला ‘अख़ोत’ म्हणतात आणि नर्सलाही अख़ोतच. आमच्या रत्नागिरीच्या वॉर्डात ‘सिस्टर’ म्हणून हाक मारायचे, ते आठवून त्या दिवशी गळा दाटला. त्सादे या अक्षराचा उच्चार म्हणजे आपल्या चाकातला, चोरातला च, त्यामुळे ‘एरेत्स’, म्हणजे देश, पहिल्या दिवशीच जमलं. घशातून घासत येणाऱ्या ख़ला मात्र काही महिने लागले.

आकड्यांनी रडवलं. तीन चमचे ‘शालोश कपियोत’, पण तीन गोळ्या ‘श्लोशा कदुरिम’. चमचा इथे स्त्रीलिंगी आणि गोळी पुल्लिंगी. त्यातही ‘आ’ने संपणारं, कानाला बायकी वाटणारं रूप पुल्लिंगी नामाला लागतं. औषधाचा मामला, म्हणून आजींसमोर रोज गोळ्या मोजून मोठ्याने म्हणायचे.

वारांना नावं नाहीत, शनिवारच्या शब्बातखेरीज नुसते क्रमांक. ‘योम श्लिशी’ म्हणजे तिसरा दिवस. मी सोमवारपासून मोजलं आणि बुधवारी आजींना दवाखान्यात घेऊन गेले. इथे आठवडा रविवारपासून सुरू होतो, त्यांचा नंबर मंगळवारीच होऊन गेला होता. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्यांच्या गुडघ्याकडे बघून मला फार वाईट वाटलं.

वाचणं त्याहून अवघड. अक्षरं बावीस, पण काना-मात्रा पाट्यांवर नसतात. स-फ-र ही तीनच अक्षरं (फ आणि प एकाच अक्षराचे), ‘सेफेर’ वाचलं तर पुस्तक, ‘सापार’ वाचलं तर न्हावी. त्याच धातूतून सिपूर म्हणजे गोष्ट, सिफ्रिया म्हणजे वाचनालय. एक धातू कळला की चार शब्द पदरात पडतात, म्हणून मी वहीत धातूंची घराणी लिहायला लागले. पण आजींच्या मुलीने फ्रिजवर लावलेली चिठ्ठी तरीही वाचता येईना, कारण हाताने लिहायची अक्षरं छापील अक्षरांपेक्षा निराळी. नवीन शिकणाऱ्याने दोन्ही वळणं पहिल्यापासून गिरवावीत, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या मोडक्या बोलण्याला कुणी हसलं नाही. आजींनी स्वतः तरुणपणी उल्पानमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या भाषावर्गात, बसून ही भाषा घोटली होती. हिब्रूला पुन्हा बोलीभाषा करायला झटलेला एलिएझेर बेन येहूदा 1881 मध्ये जेरुसलेमला आला आणि घरात मुलाशी हिब्रूखेरीज काही बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं. शब्दकोशासाठी ‘मिलोन’ हा शब्दही त्यानेच घडवला. ज्या देशात इतक्या जणांच्या आईवडिलांनी ही भाषा मोठेपणी शिकली, तिथे अडखळणाऱ्याला वाक्य पुरं करू देतात.

परवा पहिल्यांदाच मी एकटीने दवाखान्यात फोन केला. पलीकडून विचारलं, “अत् हाबात?” तू मुलगी का? म्हटलं, “लो, अनी हामेतापेलेत,” मी सांभाळणारी. वार विचारला, वेळ विचारली, दोन्ही परत म्हणून दाखवलं. आजी खुर्चीतून बोटं मोजत होत्या: रिशोन, शेनी, श्लिशी. मी कॅलेंडरवर मंगळवारच्या चौकटीत तिसरं अक्षर, गिमेल, हाताच्या वळणाचं काढलं.