बारा दिवस 'पाठ छान झाला'

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेवर काढायचे असतात. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, 2014 च्या नियमावलीनंतर कोर्स दोन वर्षांचा झाला आणि छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ, एकूण वीस आठवड्यांचा, त्यातलेच हे सोळा. पाठ टाचणं, म्हणजे पाठाचे लेखी आराखडे, काढायचा हात पहिल्या वर्षीच बसला होता. माझं अडलं ते चिंतन-दैनंदिनीशी. घेतलेल्या पाठावर रोज पानभर लिहायचं, पण लिहायचं काय, हे कॉलेजात कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं.

माझी पहिल्या दोन आठवड्यांची पानं जवळपास सारखीच आहेत. 'आज सहावीवर पाठ घेतला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. फलकलेखन नीट झाले. पाठ छान झाला.' मार्गदर्शक मॅडमनी वही परत दिली, तेव्हा खाली लाल शाईत एकच ओळ होती: 'यात मुलं कुठे आहेत?' मला रागच आला. एवढ्या धावपळीत रोज न चुकता लिहितेय, आणि वर हे! रात्री तीच पानं पुन्हा वाचली. बारा दिवसांत एकाही मुलाच्या तोंडचं एक वाक्य सापडलं नाही.

मग मॅडमनी शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांचं 1988 मधलं चिंतनाचं सहा टप्प्यांचं चक्र समजावलं. काय घडलं, तेव्हा काय वाटलं, काय जमलं नि काय फसलं, तसं का झालं, त्यातून काय कळलं, पुढच्या वेळी काय करणार. "सगळ्या तासावर लिहू नकोस, एक प्रसंग धर," असंही म्हणाल्या. माझ्या मते या लेखनातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

त्या दिवशीचा प्रसंग असा. भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज चालली होती. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. एक मुलगी फळ्याशी आली आणि तिनं उत्तर लिहिलं, दोन छेद पाच. मी "चूक" म्हणाले, डस्टर फिरवलं, लसावि काढून पाच छेद सहा लिहून दिलं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. ती खडू मुठीत तसाच धरून जागेवर जाऊन बसली.

'काय घडलं' तीन ओळींत संपलं. 'काय वाटलं' पाशी मी थांबले. आधी 'वाईट वाटले' लिहिलं, पण ते खरं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की दहा मिनिटं उरलीत आणि मागच्या बाकावर निरीक्षक बसलेत. तेच लिहिलं. 'तसं का झालं' लिहिताना मात्र लख्ख कळलं: तिनं वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे मिळवले. पूर्ण संख्यांची बेरीज शिकलेल्या मुलीनं तसंच करून पाहिलं होतं, आणि मी तिला एका शब्दानं विचारलं नाही. शेवटच्या टप्प्याला 'यापुढे अधिक लक्ष देईन' असं लिहिलं होतं, ते खोडलं. तिथं लिहिलं, 'उद्या तिला विचारायचं, उत्तर कसं काढलंस. कागदाच्या भाकऱ्या न्यायच्या.'

दुसऱ्या दिवशी कागदाची अर्धी भाकरी तिच्या हातात दिली नि विचारलं, "दोन छेद पाच म्हणजे याच्याहून जास्त की कमी?" तिनं कागदाचे तुकडे लावून बघितले. बराच वेळ गप्प राहिली. मला लसावि सांगायची घाई झाली होती, तरी मी थांबले. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये काम चालू असतानाच्या चिंतनाबद्दल लिहिलंय, ते मला त्या थांबण्यात पहिल्यांदा उमगलं. मग तीच म्हणाली, "बाई, अर्ध्यात अजून घातलं, तर अर्ध्याहून कमी कसं होईल?"

त्या दिवशीच्या पानाची पहिली ओळ तिचं हे वाक्य आहे. मुलांचे शब्द संध्याकाळपर्यंत जसेच्या तसे आठवत नाहीत, म्हणून तेव्हापासून ते तास चालू असतानाच टाचणाच्या समासात पेन्सिलीनं टिपून ठेवते.