बाळाचा पीआर मोजताना

मला शोग्रेन आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते: डोळे कोरडे, तोंड कोरडं. दिवस राहिले तेव्हा रक्तात अँटी-रो अँटिबॉडी निघाल्या. त्या वारेतून बाळाकडे जातात आणि शंभरातल्या एखाद-दोन बाळांच्या हृदयातली विजेची वाट कायमची बंद करतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी सोडायची नाही आणि सोळाव्या आठवड्यापासून सव्विसाव्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, करायचा, असं ठरलं. नाशिक-पुणे, सहा खेपा.

दर खेपेला ओळखपत्र, सोनोग्राफीचा सरकारी एफ फॉर्म, लिंग जाणून घ्यायचं नाही म्हणून सही. नवरा बाहेर बाकावर.

"ठोके 146, छान आहेत की! मग एवढ्या लांब कशाला?" सासूबाई विचारायच्या. गोम तिथेच होती. वाट थोडी अडली तरी ठोके तेवढेच पडतात, वरून खाली निरोप फक्त उशिरा पोचतो. पोटावरून बाळाचा ईसीजी नीट मिळत नाही, म्हणून विजेऐवजी रक्ताची धाव बघतात. डॉप्लर अशा जागी धरतात की डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात शिरणारं आणि तिथून महारोहिणीत सुटणारं रक्त एकाच पट्टीवर उमटतं. वरचा कप्पा आकसल्यापासून महारोहिणीत रक्त सुटेपर्यंतचा वेळ म्हणजे पीआर. साधारण 120 मिलिसेकंद. 150 ओलांडले की काळजी.

विसाव्या आठवड्यात पडद्यावर 141 आलं.

"मॅडम, मागच्या वेळी 122 होतं ना?"

"अहो, बाळ हलतंय. एका ठोक्यावर नाही ठरवत आपण. जरा फिरून या."

अर्धा तास फिरले. परत आडवी झाले तर बाळ पाठ वर करून झोपलेलं. पुन्हा फेऱ्या. रडू येत होतं, पण शोग्रेनमुळे तीही सोय नव्हती. तिसऱ्या वेळी पाच ठोक्यांची सरासरी निघाली: 126. हृदयाभोवती पाणी नाही, झडपा गळत नाहीत.

मॅडमनी एक मात्र आडपडदा न ठेवता सांगितलं: कधी कधी चोवीस तासांतही पूर्ण ब्लॉक होतो, म्हणजे ती वाट पुरती बंद, दोन तपासण्यांच्या मधेच. ते ऐकल्यापासून मी रोज रात्री घरच्या छोट्या डॉप्लरवर ठोके ऐकायचे. पूर्ण ब्लॉकमध्ये ते एकदम साठ-सत्तरवर येतात, तेवढं तरी कळलं असतं.

मुलगी झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिचा खराखुरा ईसीजी काढायला सिस्टर आल्या. तिने पाय झाडून झाडून चिकटपट्ट्या काढून टाकल्या. "ताई, जरा धरा हिला," त्या म्हणाल्या. चौथ्या प्रयत्नात कागद निघाला.