साडेचार वाजताचा गुलाब

दहा आठवडे आधी

फुलांच्या सजावटीबद्दलच्या या नोंदींत मागच्या वेळी मी टेबलावरच्या फुलदाण्यांपर्यंत पोचले होते. आता अख्खं लग्न हातात आलं आहे. मामेबहिणीने विचारलं, "ताई, माझ्या लग्नाची फुलं तूच करशील ना?" मी हो म्हणाले आणि त्याच रात्री तिने चाळीसेक फोटो पाठवले. कमानी, गुच्छ, जिन्यावरून उतरणाऱ्या वेली, मेणबत्त्यांच्या रांगा. सगळ्यांत एकच रंग पुन्हा पुन्हा येत होता, जांभळा.

फोटोंबद्दल काही बोलायच्या आधी मी तिला मुहूर्ताची वेळ विचारली. साडेचार. म्हटलं, मग जागा बघायलाही साडेचारलाच जाऊ.

लग्न बाहेर हिरवळीवर आणि नंतरचा समारंभ आतल्या हॉलमध्ये आहे. साडेचारला हिरवळीवर पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, नेमकं कमान उभी राहणार तिथे, मागच्या बाजूने. म्हणजे पाकळ्यांमधून प्रकाश आरपार येणार. पातळ पाकळ्यांच्या फुलांना अशी जागा फार मानवते, ती आतून पेटल्यासारखी दिसतात. दाट, गच्च फुलं मात्र समोरून काळवंडलेली दिसतात. वाराही होता. मी कमानीच्या जागी एक ओढणी धरून उभी राहिले, ती सरळ आडवी झाली. ही बाब वहीत दोनदा अधोरेखित केली.

मग आत गेलो. दिवे पिवळे, उबदार, २७०० केल्विनच्या आसपासचे. मी पिशवीतून सहा रंगांची फुलं नेली होती, ती एकेक करून दिव्याखाली धरली. पांढरं, साय-रंगाचं, पीच आणि फिकट गुलाबी फूल खुललं. जांभळं मातकट झालं. त्याचं कारण साधं आहे. जांभळी पाकळी लाल आणि निळा असे दोन्ही प्रकाश परतवते म्हणून जांभळी दिसते. पिवळसर दिव्यात निळा भाग फारच थोडा असतो. मग परतवायला उरतं काय? बहीण खट्टू झाली, पण फूल तिच्याच हातात होतं, त्यामुळे तिला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. दोन मिनिटांत ठरलं: जांभळा बाहेर उन्हात, साय आणि पीच आत दिव्यांखाली. फोटोंवर तासभर चर्चा करून हे कधीच ठरलं नसतं.

जागेच्या व्यवस्थापकांना विचारलेल्या गोष्टी: दार सकाळी किती वाजता उघडतं, पाण्याचा नळ कुठे, भिंतीला खिळा किंवा चिकटपट्टी चालते का, उघडी ज्योत चालते का, रात्री कितीपर्यंत सगळं उतरवायचं. खिळा चालत नाही. ज्योत काचेच्या आत असेल तर चालते. नळ मागच्या बाजूला आहे, कमानीपासून शंभर पावलांवर. पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन शंभर पावलं म्हणजे दोन माणसं जास्तीची लागणार.

सात आठवडे आधी

हा आठवडा नुसत्या चाचण्यांचा होता आणि मला तो सगळ्यात जास्त आवडला.

मला एकच गोष्ट शोधायची होती. गुलाब शनिवारी साडेचारला नेमका अर्धा-पाऊण उमललेला हवा असेल तर तो पाण्यात कधी ठेवायचा? एकाच जुडीतले बारा गुलाब घेतले आणि तीन बादल्यांत चार-चार ठेवले. एकीत साधं पाणी, दुसरीत रोज बदललेलं पाणी, तिसरीत फुलांचं तयार खाद्य घातलेलं पाणी. खोलीचं तापमान २४ अंश. दर सहा तासांनी फोटो काढले.

तिसऱ्या बादलीतले गुलाब ४८ तासांनी अर्धे उमलले, ६० तासांनी मला हवे तसे झाले आणि ९० तासांनंतर बाहेरच्या पाकळ्या मऊ पडू लागल्या. पहिल्या बादलीतल्या दोघांनी अर्धवट अवस्थेतच मान टाकली. खाद्यात तीन गोष्टी असतात: साखर, पाणी किंचित आंबट करणारं आम्ल आणि जंतू वाढू न देणारा घटक. नुसती साखर घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण साखर फुलाआधी जंतूंना पोसते. देठात पाणी वर नेणाऱ्या नळ्या केसापेक्षाही बारीक असतात. त्या जंतूंच्या चिकट थराने किंवा हवेच्या बुडबुड्याने बंद झाल्या की भरल्या बादलीतही फूल तहानलेलं राहतं. म्हणून देठ तिरका, धारदार कात्रीने, शक्यतो पाण्याखाली कापायचा आणि पाण्याच्या पातळीखाली एकही पान ठेवायचं नाही.

जांभळ्यासाठी लिसिअँथस निवडला, हे गुलाबासारखं दिसणारं फूल आहे. पाकळ्या पातळ, उन्हात आरपार प्रकाश येतो आणि एका फांदीवर कळ्या, अर्धी फुलं, पूर्ण फुलं असं सगळं मिळतं. माझ्याकडे तो अकरा दिवस टिकला. डेलिया मनात होता, पण कळीत कापलेला डेलिया पुढे उमलत नाही, तो जवळजवळ पूर्ण उघडल्यावरच कापावा लागतो आणि मग हातात जेमतेम चार-पाच दिवस उरतात. तो सोडून दिला.

पुढची चाचणी पाण्याबाहेरची. गुच्छ हातात असतो तेव्हा त्याला पाणी नसतं आणि हे बरेच जण विसरतात. सहा तास नुसतं टेबलावर ठेवलं तर ऑर्किड, कार्नेशन आणि शेवंती जशीच्या तशी राहिली. गुलाब थोडे मऊ झाले. मोठ्या झुबक्यांची हायड्रेंजिया तासाभरात लोळली. तिचं डोकं पालथं करून थंड पाण्यात बुडवून ठेवलं, तर अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा ताठ, कारण ती तिच्या रंगीत दलांतूनही पाणी पिते. बहिणीला ती फार आवडते, म्हणून यादीत ठेवली, पण फक्त पाणी असेल त्या जागी.

पाच आठवडे आधी

पहिला हातगुच्छ बांधला. सर्पिल पद्धतीने: प्रत्येक देठ आधीच्या देठावर त्याच एका दिशेला तिरका ठेवायचा, दोन-तीन देठ झाले की मुठीतला गुच्छ थोडा फिरवायचा, पुन्हा तसंच. एखादा देठ जरी उलट्या दिशेने गेला तरी तिथे गाठ पडते आणि फुलं दाटीने चिरडतात. नीट जमला तर बांधल्यावर गुच्छ टेबलावर स्वतःच्या पायांवर उभा राहतो. माझा चौथ्या प्रयत्नात राहिला आणि तो क्षण मी चांगला पाच मिनिटं बघत बसले होते.

दिसायला देखणा, पण वजन भरलं एक किलो तीनशे ग्रॅम. बहिणीला तो घेऊन आरशासमोर वीस मिनिटं उभं केलं. दहाव्या मिनिटाला तिचे खांदे वर आले आणि गुच्छ छातीपर्यंत चढला. हात थकले की सगळ्यांचंच असं होतं, आणि मग फोटोत गुच्छ दिसतो, नवरी त्यामागे जाते. मी गुलाब अठराऐवजी अकरा केले, जाड देठांची पानं काढली, मधली जागा हलक्या लिसिअँथसने भरली. आता ७१० ग्रॅम. देठांच्या मुठीची जाडीही साडेचार सेंटिमीटरवरून साडेतीनवर आली. हलका झाल्यावर तो खरं तर जास्त सुंदर दिसला, कारण फुलांच्या मध्ये हवा खेळायला लागली.

एक सूचना, जी मला कुणीतरी आधीच द्यायला हवी होती: फुलांचा रंग कपड्याच्या खऱ्या तुकड्यावर ठेवून बघा. फोनच्या पडद्यावर जुळणारा पांढरा आणि प्रत्यक्षातला पांढरा यांत फार अंतर असतं. तिच्या कपड्याचा पांढरा किंचित पिवळसर आहे. त्यावर शुभ्र गुलाब निळसर आणि कोरडा दिसत होता, साय-रंगाचा गुलाब एकदम बसला.

तीन आठवडे आधी

कमान. मी फोम वापरत नाही. फुलांचे देठ खोचायचा तो हिरवा ठोकळा १९५४ मध्ये अमेरिकेतल्या स्मिदर्स यांनी आणला आणि त्याने सजावट सोपी केली हे खरं. पण तो फिनॉलपासून बनलेला प्लास्टिकचाच प्रकार आहे. त्याचा चुरा पाण्यात आणि मातीत तसाच राहतो, आणि एकदा सुकला की पुन्हा नीट पाणी धरत नाही. मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी चुरगाळून तिचा गोळा करते आणि तो पाण्याच्या उथळ डब्यात अडकवते. लंडनच्या पुष्परचनाकार कॉन्स्टन्स स्प्राय हीच जाळी वापरून १९३०च्या दशकात मोठमोठ्या रचना करत असत. जाळीत देठ हवा त्या कोनात राहतो आणि तो थेट पाण्यात असतो. जिथे डबा बसत नाही तिथे प्रत्येक देठाला रबरी टोपणाची छोटी पाणीनळी.

कमान पूर्ण झाकायची नाही असं ठरवलं. डावीकडे खालून वर चढणारा मोठा पुंजका, उजवीकडे वर एक लहान, मध्ये उघडी चौकट. फुलं निम्म्याने कमी लागतात आणि नजर मधल्या दोघांवर जाते. आधी पालवी, मग मोठी फुलं तीन-पाचच्या पुंजक्यांत, शेवटी हलकी. हा क्रम उलटा केला की पालवी खुपसताना फुलं मोडतात.

वाऱ्याची चाचणी मात्र फसली. घराच्या गच्चीवर उभी केलेली रिकामी चौकटच हलत होती, पालवी लावल्यावर ती शिडासारखी वारा धरू लागली आणि कलंडली. आता प्रत्येक पायाशी पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन, म्हणजे वीस किलो, वरून पालवीने झाकलेला. हेच पाणी दिवसभर नळ्या भरायलाही येईल, शंभर पावलं वाचतील.

टेबलांबद्दल थोडक्यात: कोपर टेबलावर टेकून हात उभा धरा, रचना मनगटाच्या खाली राहिली पाहिजे, नाहीतर सरळ साठ सेंटिमीटरच्या वर, बारीक दांड्यावर. मधल्या उंचीत समोरच्याचं तोंड दिसत नाही. लिली ठेवणार असाल तर फूल उघडताच पुंकेसर काढा. परागकण कपड्याला लागलेच तर पाणी लावू नका, चिकटपट्टीने उचला.

लग्नाचा आठवडा

मंगळवारी बादल्या ब्लीचने धुतल्या. बुधवारी संध्याकाळी गुलाब आले, देठ कापून कोमट पाण्यात, रात्रभर गार खोलीत. हिशोबाप्रमाणे गुरुवार पहाटेपासून ६० तास मोजायचे.

गुरुवारी हवा बदलली. खोलीत १९ अंश. शुक्रवारी दुपारी गुलाब अजून मुठी आवळून बसलेले. चाचणी २४ अंशांवर केली होती, हे तेव्हा प्रकर्षाने जाणवलं. सगळ्या बादल्या घरातल्या सगळ्यात उबदार खोलीत हलवल्या, देठ पुन्हा कापले, चाळीस अंशांचं पाणी घातलं. रात्री अकरापर्यंत बाहेरची दोन वलयं सुटली.

शुक्रवारीच दुसरा धक्का. मदतीला आलेल्यांपैकी कुणीतरी पिकलेल्या फळांची पेटी गार खोलीत ठेवली होती. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि कार्नेशन तो सहन करत नाहीत. त्यांच्या पाकळ्या आत वळून "झोपल्या" होत्या. एकदा झोपलेलं कार्नेशन उठत नाही. चोवीस फुलं गेली. आतल्या टेबलांवर त्यांच्या जागी शेवंती आली आणि पिवळ्या दिव्यात ती चांगली दिसली, तरी त्या चोवीस फुलांची हळहळ अजून आहे.

शनिवार

कमान सकाळी नऊ ते एक. तीन वाजता वरची हायड्रेंजिया उन्हाने मऊ पडली, बादलीतली राखीव लावली. गुच्छ शेवटच्या क्षणापर्यंत फुलदाणीत, मग देठ टॉवेलने कोरडे करून हातात. दोन गुलाबांच्या बाहेरच्या पाकळ्या अंगठ्याने हळूच मागे वळवल्या, बाकीच्यांना गरज पडली नाही. साडेचारला बहीण कमानीखाली आली तेव्हा मागून ऊन येत होतं आणि लिसिअँथसच्या पाकळ्यांवरची एकेक शीर दिसत होती. तिने गुच्छ बरोबर कमरेशी धरला होता.

सहा वाजता कमानीवरचे डबे सुटे करून आत मुख्य टेबलापुढे ठेवले. जांभळी फुलं त्याआधी काढून दाराशी पांढऱ्या दिव्याखाली नेली.

रात्री अकराची नोंद: ऑर्किड, शेवंती, लिसिअँथस उत्तम. गुलाब चांगले. हायड्रेंजिया पाण्यात होती तिथे ठीक.

आता

बहिणीला गुच्छ जपून ठेवायचा आहे. गुलाब आणि लिसिअँथस सुटे करून सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांत, पुरले आहेत, पाकळ्यांच्या मध्ये चमच्याने दाणे सोडत, डबा हवाबंद. पालवी अंधाऱ्या कपाटात उलटी टांगली आहे. जांभळा सुकल्यावर गडद होतो आणि साय-रंग आणखी पिवळट, हे तिला आधीच सांगितलं आहे. डबा सातव्या दिवशी, म्हणजे येत्या रविवारी उघडणार. लिसिअँथसच्या पातळ पाकळ्या जेलमध्ये कुणी सुकवल्या असतील तर किती दिवस ठेवल्या ते नक्की सांगा, मी दोन फुलं चौथ्या दिवशी काढून बघायच्या विचारात आहे.