अर्धंच दिलेलं गाणं

शनिवार, रात्र

पुतण्या गिटार शिकायला लागल्यापासून घरात ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ रोज वाजतंय. कॉर्ड थोडे आणि सोपे, म्हणून क्लासमध्ये ते सुरुवातीलाच देतात. गायलंय अमेरिकन गायक जॉन डेन्व्हरने, एवढं ठाऊक होतं. पण त्या गाण्याचा जन्म बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडप्याच्या गाडीत झाला, हे आज वाचलं आणि भाकऱ्या थापतानाही तेच डोक्यात.

टॅफीच्या नातेवाइकांकडे निघाले होते दोघं. अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातला क्लॉपर रोड, अरुंद, वळणावळणाचा. बिल गुणगुणत राहिला आणि मुखडा तिथं धरला गेला. गंमत म्हणजे गाण्यात ओढ आहे ती वेस्ट व्हर्जिनिया राज्याची, आणि ते त्याने तोवर पाहिलंही नव्हतं. तो मॅसॅच्युसेट्सचा, तेच नाव घालावं असंही त्याच्या मनात होतं, कारण म्हणायला ते तितकंच बसतं. न पाहिलेल्या गावाची ओढ अशी लिहिता येते, याचं मला फार अप्रूप वाटलं. गाण्यातले डोंगर-नदी बरेचसे शेजारच्या व्हर्जिनियात येतात म्हणून लोक चूक काढतात. काढू देत. गाणाऱ्याचा कंठ दाटतो तो नकाशा बघून नाही.

गाणं बिल-टॅफीला जॉनी कॅश या नावाजलेल्या गायकाला द्यायचं होतं. 1970 च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या ‘सेलर डोअर’ नावाच्या क्लबमध्ये डेन्व्हरचा कार्यक्रम होता आणि त्याच्या आधी हे दोघं ‘फॅट सिटी’ नावाने गायचे. एका रात्री कार्यक्रमानंतर डेन्व्हरच्या गाडीला अपघात झाला, अंगठा मोडला. दवाखान्यातून तो यांच्या घरी आला तेव्हा यांनी ते अर्धवट गाणं त्याच्यापुढे ठेवलं. तिघं पहाटेपर्यंत बसले, राहिलेलं पुरं केलं आणि 30 डिसेंबरला लोकांपुढे म्हटलंसुद्धा. 1971 मध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. रेकॉर्डवर मागचे आवाज या दोघांचेच.

माझा जीव अडकला तो त्या रात्रीत. आमच्याकडे वही माझी, पेटी ह्यांची. गणपतीत मंडळासाठी, शाळेच्या गॅदरिंगसाठी, कधी जोतिबाच्या यात्रेसाठी म्हणून आम्ही गाणी बांधतो. ‘वळणावरती’ लिहिलं की हे म्हणणार, “अगं, त्या ‘ती’ला ताणायला जागाच न्हाई की.” मग मी ‘वळणाला’ करते, हे सूर खाली आणतात, आणि तासाभराने ओळ कुणाची ते दोघांनाही सांगता येत नाही. पण पुरं झाल्याशिवाय बाहेर कुणाला ऐकवायचं नाही, हा आमचा शिरस्ता. जात्यावर बसलेल्या बायका असं करत नव्हत्या. एकीने ओवी धरली की दुसरी पुढचं ओढायची.

पुढे बिल आणि टॅफीने ‘स्टारलँड व्होकल बँड’ काढला. जॉर्जटाऊनच्या एका हॉटेलातल्या मेनूकार्डावरच्या शब्दांवरून बिलने ‘आफ्टरनून डिलाइट’ लिहिलं, ते 1976 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, दोन ग्रॅमी मिळाले. चटकदार आहे, आवाजांची बांधणी तर सुरेखच, पण मला ते वरवरचं वाटतं. त्यानंतर तसं यश आलं नाही. 1981 मध्ये बँड मोडला, संसारही टिकला नाही. वाचून खरंच वाईट वाटलं. 2014 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने त्या जुन्या गाण्याला राज्यगीताचा मान दिला. तिथं तिघांची नावं अजून एकत्रच आहेत.

ह्यांना हे सगळं जेवताना सांगितलं. आंबोलीच्या वाटेवर सुचलेलं आमचं एक गाणं दोन कडव्यांवर अडून पडलंय. उद्या रंकाळ्यावर भजनी मंडळातल्या काकू भेटतात, त्यांना ते तसंच म्हणून दाखवायचं ठरलं. त्यांचा आवाज पहाडी आहे आणि ओव्या तर तोंडपाठ. तिसरं कडवं त्यांनी धरलं तर मी वही त्यांच्याच हातात देणार आहे.