वाऱ्यानं खाडी उपसली तो दिवस

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात मी किनाऱ्याची कामं बघतो. चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या एका नदीकाठी आमचं छोटं सार्वजनिक उद्यान आहे. काठाला जुनी लाकडी भिंत आणि शेजारी बोटी पाण्यात सोडायचा काँक्रीटचा उतार. शेजाऱ्यांना भिंत नव्यानं बांधून पुढे लांबवून हवी होती, तर बोटवाल्यांना उतार ‘नीट’ करून. नीट म्हणजे काय, हे कुणी धड सांगत नव्हतं. ट्रेलर अडकतो, एवढीच तक्रार.

दोघांची जागेवरच बैठक ठेवली होती. आदल्या रात्री वायव्येचा वारा सुटला आणि सकाळी बघतो तर पाणी गायब! इथली भरती-ओहोटी जेमतेम एक-दोन फुटांची. रत्नागिरीच्या माणसाला ती हसण्यावारी न्यावीशी वाटते. पण थंडीत हा वारा टिकून राहिला की उपसागरातलं पाणी दक्षिणेला ढकलतो आणि एरवी कधी न दिसणारा तळ उघडा पडतो.

उतार संपतो तिथं काँक्रीटखाली हात जाईल एवढी पोकळी होती. पुढे कमरेइतका खड्डा आणि त्याच्यापलीकडे वाळूचा उंचवटा. बोट ट्रेलरवर चढवताना दोरीनं ओढण्याऐवजी इंजिन जोरात चालवलं की पंख्याचा झोत तळ कोरतो आणि निघालेली वाळू थोडी पुढे नेऊन टाकतो. ट्रेलरची चाकं त्याच खड्ड्यात पडत होती आणि त्याच वाळूला पंखे घासत होते. एक बुजुर्ग बोटवाले काठावर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “म्हणजे हे आमचंच काम.” मी काही बोललो नाही.

भिंतीकडची तऱ्हा वेगळी. लाट उभ्या फळ्यांवर आपटून परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, त्यामुळे समोर पुळण उरलीच नव्हती. फळ्यांच्या फटींतून मागची माती झिरपून गेली होती. हिरवळीत वादळानंतर पडणारे खड्डे त्यामुळेच. फाटक्या पोत्यातून तांदूळ सांडावा, तशी माती तळावर पसरलेली दिसत होती. कोकणातल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांसमोर मी हेच पाहिलंय, फक्त तिथं फळ्यांऐवजी मोठे दगड.

मेरीलँडच्या २००८ च्या कायद्यानुसार धूप रोखायला सहसा आधी ‘लिव्हिंग शोअरलाइन’च, म्हणजे भिंतीऐवजी वाळू भरून गवत लावलेला जिवंत काठच, करावी लागते. ती तिथे चालणार नाही असं दाखवलं, तरच भिंतीचा विचार. कायदा मी आधीही सांगितला होता, पण कागदावर तो कुणाला पटला नव्हता. एका बाईंनी २००३ च्या इसाबेल वादळाची आठवण काढली. चढलेलं पाणी गवतानं अडत नाही, हे मी कबूल केलं. त्या वेळी ते भिंतीनंही अडलं नव्हतं.

पुढे भिंत काढली. थोडं आत पाण्यात दगडांचा बुटका बांध घातला. कासवं-मासे ये-जा करतील अशा फटी त्यात ठेवल्या, मागे वाळू भरून खारट पाण्यातही तगणारं स्पार्टिना गवत लावलं. मऊ कडेला काथ्याचे लांब लोड टाकले, तेही भारतातून आलेले! कॅनडा गीज, म्हणजे इथले रानहंस, कोवळी रोपं उपटून खातात म्हणून वर दोऱ्यांचं जाळं. उतार खोल पाण्यापर्यंत लांबवला, टोकाला एकमेकांत गुंफलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची चटई अंथरली आणि कयाकवाल्यांना पलीकडे वेगळी तरंगती जेटी दिली, म्हणजे शनिवारी सकाळी उताराच्या रांगेत होणारी भांडणं मिटली.

इंजिन लावून बोट चढवू नका, अशी पाटीही लावली आहे. ती वाचून न वाचल्यासारखं करणारे आहेतच. शेजाऱ्यांचं म्हणणं आता वेगळंच आहे: गवत पुरुषभर वाढलं, बाकावरून पाणी दिसत नाही, ते कापा. कापायचं नाही, हे सांगायला पुढची बैठक लावली आहे.